मोडीच्या भावात

जांभळी नाक्याला आमच्या दुकानात
पितळ येतं ते बहुतेक गेलेल्यांच्या घरातून.
वात न पाहिलेल्या समया, लोलक हरवलेली घंटा,
नाक झिजलेला बाळकृष्ण.
तो मात्र लाल फडक्यात वेगळा ठेवतो,
वडिलांची तशी ताकीद होती.

मंगळवारी चेंदणीची मथुरा नाखवा आली.
कोळंबीच्या पाटीखालून चकती काढली,
हिरवी, कडांत खाडीचा चिखल.
"याच्या पागात आली. बघ काय देतोस."

मी चिंच-मीठ लावून घासली.
टिपणीस सर किंचाळलेच,
"अरे, दोन हजार वर्षांचा गंज होता तो!"

एका मानेवर दोन दाढीवाले.
एक इकडे, एक तिकडे.
सर म्हणाले, रोमचं कांस्य. हा दाराचा देव.
लढाई असली की याच्या देवळाचं दार उघडं,
मिटली की बंद.
मथुरा म्हणाली, "दुतोंडी होय!
तसले बाजारात रोज भेटतात."

मागच्या बाजूचा मला नांगराचा फाळ वाटला,
सरांना मंदिराचा कोपरा.
तिने नुसता अंगठा फिरवला.
"नाळ आहे. होडीची."
आणि मग आम्हालाही
पाणी दिसायला लागलं.

शेकडो टाक गेलेत माझ्या हातून.
आमचे देव देव्हाऱ्यात झिजतात,
दह्यादुधाने, सोवळ्यातल्या अंगठ्याने.
हा बाजारात झिजला.
खाटकाने घेतला, नावाड्याला दिला,
पारोशा हातांनी,
कुणी दाताखाली धरून पाहिला,
कुणी कांदे घेतले
आणि देव मोडून सुटे परत घेतले.
कुणाला पाप लागलं नसावं.

काट्यावर एकवीस ग्रॅम.
मी मोडीचा भाव सांगितला,
एक चहा, एक वडापाव, वर थोडं.
सर म्हणाले, हजार देतो.
तिने आमच्याकडे पाहिलं,
एकदा इकडे, एकदा तिकडे,
आणि पदराला गाठ मारली.
"पागाचं एक शिसं तुटलंय.
भोक पाडलं की बसेल."

सर अजून गुरुवारी येतात,
मोडीत हात घालून बसतात,
काही न विचारता.
परवा मीच विचारलं तिला, कुठाय तो?

"भरती लागलीय ना,"
कोळंबी निवडता निवडता म्हणाली,
"कामावर गेलाय."