हाबर

लुडविग्सहाफेनच्या कारखान्यात, पहिल्याच पाळीला,
दुर्मुशला एक शब्द ओळखीचा भेटला.
पाटीवरची बाकी जर्मन डोक्यावरून गेली,
एवढंच लागलं : हाबर.

त्याच्या गावी, योझगातकडे, हाबर म्हणजे खबर.
टपालवाला कुंपणापलीकडून ओरडतो, ती.
त्याला वाटलं, या उंच लोखंडी नळकांड्यात
कुणाची तरी खबर कोंडून ठेवलीय,
हवेच्या दोनशे पट दाबाखाली.

गोटहिल्फ पाव चावता चावता हसला.
आडनाव आहे रे, एका रसायनतज्ज्ञाचं.
माझ्या बापाच्या श्वाबियात हाबर म्हणजे ओट.
घोड्याचा खुराक, गरिबाची पेज.

मग बोटानं टेबलावर रेघा ओढत समजावलं :
इकडून नायट्रोजन, तिकडून हायड्रोजन,
मध्ये तापलेलं लोखंड.
हवेचा अमोनिया, अमोनियाचं खत.
आणि खताचं?
ओट, म्हातारा म्हणाला.
जरा थांबून : एकवीस साली कोठार उडालं
तेही खताचंच होतं. बाप पाळीवर होता.
नंतर बराच वेळ तो
स्वच्छ असलेली दाबमापकाची काच पुसत राहिला.

हिवाळ्यात भावाचं पत्र आलं.
पांढरे दाणे टाकले यंदा,
गहू कमरेला लागला होता.
आईला दिसतं कमी, पण पीक हातानं चाचपून आली.
सगळं ठीक. तुझीच काही हाबर नाही.

दुर्मुशनं कागद घेतला, तारीख घातली.
बाहीला अमोनियाचा वास होता.
काटा दोनशेवर, हलत नव्हता.