रफार

वाघोलीच्या साइटवर आत यायचं
तर लिंबाजीला सांगावं लागतं: कोण, कुठले, कोणाकडे.
वहीत सही. हेल्मेट. बुटांकडे एक नजर.
संध्याकाळी माझासुद्धा डबा उघडायला लावतो,
"मॅडम, नियम म्हंजे नियम,"
आणि चार वर्षांत त्या डब्यात
वीतभर बाइंडिंग वायरही सापडलेली नाही.

तो आला शुक्रवारी, पाच चाळीसला.
गेटवरून नाही.

अकराव्या स्लॅबची सळई पडलेली,
काँक्रीटच्या गाड्या खराडी बायपासला अडकलेल्या,
रानवडे साहेब वरून ओरडतायत,
फोनवर आणि फोनशिवायही,
आणि जालन्याहून कर्नावटांची मेल:
जुनं खातं ऑडिटमध्ये आहे,
या वेळची रक्कम कृपया नव्या खात्यात.
खाली नेहमीचा लोगो, नेहमीची सही,
बिलावर आमचाच ऑर्डर नंबर,
टनांचा आकडा तीन दशांशांपर्यंत बरोबर.
शेवटी जय जिनेंद्रसुद्धा.

एक्केचाळीस लाख साठ हजार.
साहेबांनी ओटीपी सांगितला तोही ओरडून,
मधल्या दहा मजल्यांनी ऐकला.
मी एंटर दाबलं
आणि चहा मागवला.

मंगळवारी कर्नावटांचा धाकटा:
"ताई, पेमेंटचं काय झालं?"

शिवाजीनगरच्या सायबर ठाण्यात
एक पोरगेलीशी फौजदार, पाटीवर भिंगारदिवे.
तिनं तो पत्ता मोठा केला, स्क्रीनभर,
आणि पेनच्या टोपणानं दाखवलं:
इंग्रजीतले आर आणि एन
खेटून उभे राहिले की एम दिसतात.
इथं एमच होता. आर, एन नव्हतेच.
कर्नावट नव्हे, कमावट.

माझे वडील नारायण पेठेत प्रुफं तपासायचे.
जेवताना ताटाशेजारी गॅली, कानावर लाल पेन्सिल.
म्हणायचे, रफार उडाला की अर्थाचा अथ होतो, बाई.
मी हसायचे.
मी कॉमर्सला गेले.

"फोन का नाही केलात?" फौजदारबाई विचारतात.
काय सांगू.
वीस वर्षांची ओळख, फोन करून खातं विचारणं
म्हणजे त्यांच्या तोंडावर संशय घेणं.
आणि तिकडे गाडीच्या पोटात काँक्रीट फिरत होतं,
त्याच्याकडे दीड-दोन तास असतात,
पुढे ते कुणाचंच ऐकत नाही.

बारावा स्लॅब थांबला.
कॉलमच्या सळया उघड्या, वरच्या वर गंजतायत.
माल्द्याची फिटर गँग अर्ध्या हिशेबावर परत गेली.
मुकादम सिराजुल काही बोलला नाही.
सळई वाकवायची चावी माझ्या टेबलावर ठेवली,
म्हणाला, ये स्टोअर का है,
आणि वहीत जमा करून घ्यायला लावली.

शटरिंग उतरलं की इंजिनियर
कॉलमला हातोडी लावत फिरतात,
टक, टक, कान देऊन.
बाहेरून गुळगुळीत, आत पोकळ,
ते फक्त आवाजावरून कळतं.
आता मीही फोन लावते.
मेलमधल्या नंबरवर नाही,
जुन्या डायरीतल्या, शाई फुटलेल्या नंबरवर.
पलीकडे थोरले कर्नावट खोकतात,
"बोला ताई," म्हणतात,
थोडे दुखावलेले असतात.
मी तरी शेवटचे चार आकडे विचारते.

काल लिंबाजी म्हणाला,
"पण मॅडम, घुसला कुठून? मी तर हाललोच नाय."
मी त्याच्याच वहीत
दोन्ही पत्ते लिहिले, एकाखाली एक.
इंग्रजी त्याला येत नाही.
बोट ठेवून बराच वेळ बघत राहिला,
गेटवर माणूस बघतो तसा.
मग म्हणाला,
"वरच्यात दोघांच्या मधी फट हाय.
खालच्यात नाय."

मी डबा उघडला
आणि त्याच्यापुढे धरला.