एक टक्का

मी फक्त आवाज टिपते.
लंबर्टनच्या कोर्टामागे, दुसऱ्या मजल्यावर,
जिथे खिडकीतला एसी दिवसभर खोकतो
आणि माझ्या मशीनला बावीस कळा.
प्रश्न. उत्तर. प्रश्न.
कुणी नुसती मान हलवली तर म्हणायचं,
साहेब, तोंडाने सांगा.

आज व्हर्लन ऑक्सेंडाइन.
वय एक्केचाळीस. कोंबड्यांच्या कारखान्यात रात्रपाळी,
म्हणजे होती.
डावी मांडी आता लोखंडी सळीवर,
हेल्मेट टेबलावर, पुरावा क्रमांक चार,
एका बाजूने असं खरवडलेलं
की रस्त्याने किसणीवर धरलं असावं.

विमा कंपनीचे वकील मिस्टर प्रिव्हॅट.
आवाज पाकासारखा, दोन तारी.
हेल्मेट होतं? होतं.
दिवा चालू? होता.
परवाना, टायर, दारू?
आहे. नवे. नाही.
वेग?

एसी तेवढा खोकला.
मिस चेव्हिस, त्याच्या वकीलबाई,
त्यांनी पेन खाली ठेवलं.
तो म्हणाला, "हद्द पंचेचाळीसची.
मी असेन सत्तेचाळीसवर."

दोन मैल.
खरं बोलायची शपथ घेऊन
खरंच खरं बोलणारी माणसं
मी या खोलीत फार पाहिली नाहीत.
पाहिली त्यांचं पुढे काय झालं तेही मीच टाइप केलं.

पलीकडे, दक्षिण कॅरोलिनात, चूक वाटून घेतात.
तुझी इतकी, माझी इतकी, उरेल ते पदरात.
आमच्याकडे नाही.
नव्व्याण्णव टक्के चूक समोरच्याची आणि एक तुझी,
तर पदरात शून्य.
अख्ख्या टाकीभर दुधात मिठाचा एकच खडा.
ती सीमा इथून मोटारसायकलवर अर्धा तास.
पाय मोडायला त्याने अर्धा तास आधीची जागा धरली.

जेवणानंतर मिसेस कॉर्डेलिया ब्रिट.
चर्चला घालतात तो कोट, मांडीवर पर्स उभी.
मिस चेव्हिस विचारतात, अगदी सहज,
जेवलात का विचारावं तसं,
डावीकडे वळताना तुम्हाला काय दिसलं?

"त्याचा दिवा," ती म्हणते. "चांगला लांब होता."
मग?
"मग शेजारच्या सीटवरून केक घसरायला लागला.
नातीचा. नारळाचा, चार थरांचा.
मी त्याला हात लावला, आणि गाडी वळतच राहिली."
थांबायला वेळ होता?
"होता." ती पर्सचं हूक उघडते, लावते.
"होता हो. केक वाचला."

मिस्टर प्रिव्हॅटच्या पाकाची साखर झाली.
कारण त्या जुन्या कायद्याला एक मागचं दार आहे,
'शेवटची स्पष्ट संधी' म्हणतात त्याला.
टाळता येण्याची अखेरची घडी ज्याच्या हातात होती
आणि ज्याने ती जाऊ दिली,
त्याला समोरच्याच्या एका टक्क्याआड
दर वेळी लपता येतंच असं नाही.
दार उघडेल का, ते ज्युरी बघेल,
पुढच्या वसंतात. किंवा त्याच्या पुढच्या.
तोवर हॉस्पिटलची बिलं
चिकटपट्टी लावलेल्या त्याच बुटांच्या खोक्यात.

मी टिपलं: होता. होता हो. केक वाचला.
माझी बोटं जरा जोरात पडली असतील,
कागदावर ते उमटत नाही.

हेही उमटलं नाही, की ती बोलत होती तेव्हा
व्हर्लनच्या उजव्या हाताची चार बोटं
टेबलाच्या कडेवर मिटत होती,
पुन्हा मिटत होती,
पुढचा ब्रेक दाबावा तशी,
सतरा महिने झाले तरी.

मी त्याच्याकडे पाहिलं.
साहेब, तोंडाने सांगा,
असं म्हणाले नाही.