रिव्हिजन शून्य

केंजळे म्हणाले, तुम्ही सुरू करा,
कागद येतोय मागून.
हे फोनवर, मंगळवारी, पावणेदहाला.
मी गवार निवडत होते.
बरं, म्हटलं.
एवढ्यानेच सुरू झालं.

रबाळ्याच्या एका कारखान्यातलं सांडपाणी
कुठून निघून कुठे जावं, हे आता
घणसोलीत माझ्या जेवणाच्या टेबलावर ठरतं.
दोन टाक्या, चार पंप, सदतीस व्हॉल्व्ह.
पाण्याला मी वळणं देते, नव्वद अंशांची,
गेलेलं उलटं फिरू नये म्हणून झडप बसवते.
आलेलं अडकू नये, अशीही एखादी झडप असेल,
कुठल्या लेयरवर काढतात ती
मला शिकवलं नाही कुणी.

नऊ दिवस झाले.
केंजळे चांगला माणूस आहे, हे मी
दिवसातून दोनदा स्वतःला सांगते.
चांगल्या माणसाबद्दल इतक्यांदा सांगावं लागत नाही.
लीगलकडे आहे.
साहेब पुण्याला आहेत.
तुमच्यावर विश्वास आहे हो आमचा.
माझ्यावर!
मी कुठे नाही म्हटलं होतं.

आधीच मागायचं ना, असं लेक म्हणते.
मागायला जावं तर जिभेवर
महापेत चौदा वर्षं पगार घेतलेली बाई येऊन बसते,
जिला पैसे कधी मागावेच लागले नाहीत,
एक तारखेला ते येत, नळाला पाणी यावं तसे.
(जानेवारीत तिला घरी पाठवलं.
ते पान मात्र लेखी होतं,
सहीशिक्क्यासकट, वेळेच्या आधी.)

घरमालक हसुराम म्हात्रे गच्चीत जवळा वाळवत होते.
भाडं लांबेल हे सांगायला गेले
आणि सगळंच सांगून बसले.
ते हसले.
"आमची पन आदी जमीन गेली,
मंग कागूद आयला."
किती वर्षांनी?
जवळ्यात आलेला एक बारका खेकडा उचलून
त्यांनी कठड्यावर ठेवला.
"बापूस गेला, त्याचे दुसरे वर्साला."

बापाने डावा अंगठा दिला होता.
निळी शाई. पेटीत अजून आहे म्हणाले,
रेषा सगळ्या दिसतात,
मिठागरात पडलेली भेगसुद्धा.

रात्री मीच लिहिलं एक पान.
काम काय, पैसे किती, केव्हा.
बदल दोन फुकट, तिसऱ्यापासून दर.
'पैसे थकल्यास काम थांबवण्याचा हक्क'
हे तीनदा खोडलं, चौथ्यांदा राहू दिलं.
पाठवलं.
दोन निळ्या खुणा.
मग उगाच भांडी काढली घासायला,
घासलेलीसुद्धा.

सव्वाअकराला उत्तर आलं:
एक अंगठा. पिवळा.

मोठा करून पाहिला.
एकही रेष नाही.

आणि लगेच त्याच्याखाली:
मॅडम, तीन नंबरचा पंप जरा उजवीकडे घेता का,
सकाळी साइटवर दाखवायचंय.

हा बदल पहिला धरायचा का?
कोपऱ्यातल्या चौकटीत अजून
रिव्हिजन शून्य आहे,
आरेखन या शब्दापुढे माझं नाव,
तपासणी, मंजुरी, दोन्ही जागा कोऱ्या.
जे ठरलंच नाही
ते बदलतं कसं?

पंप सरकवला तरीही.
साडेतीनशे मिलिमीटर.
त्याच्यामागून सगळे पाइप ओढत आणावे लागले,
एक खांब मध्ये आला, त्याला वळसा.
छान दिसतंय आता, आधीपेक्षा छान,
हीच तर पंचाईत आहे.

दीड वाजला.
फाइल फोनवर घेतली आहे.
पाठवायच्या बाणावर माझा अंगठा,
साबणाने पांढरट, रेषा सगळ्या शाबूत.
अजून टेकवलेला नाही.