जाड रेघ

मी पाट्या रंगवतो.
काळाचौकीच्या नाक्यावरचं 'येथे गाडी लावू नये' माझं,
शिवडीच्या पिठाच्या गिरणीवरचा लालभडक 'ग' माझा,
डबल डेकरच्या वरच्या मजल्यावरूनही वाचता यायचा.
अक्षर लांबून दिसलं पाहिजे,
एवढंच शिकवलं उस्तादांनी,
टपल्या मारून.

हेमांगीच्या बुबुळांभोवती
बारीक पांढरे ठिपके आहेत,
ब्रश झटकताना उडावेत तसे.
नर्स म्हणाली होती, ह्या मुलांना असतात.
सुनंदाने त्यातलं 'ह्या मुलांना' तेवढंच ऐकलं.
मी ठिपके मोजत बसलो.
डाव्यात नऊ.
उजवा डोळा मिटूनच होती.

शाळेतून चिठ्ठ्या यायच्या:
लक्ष नाही. वहीत बघत नाही. रेघेवर लिहीत नाही.
आम्ही म्हणायचो, असेल, तिचं तसंच असणार.
सगळं त्या एका डाऊनच्या पोत्यात भरायचो
आणि पोतं कोपऱ्यात ठेवायचो.

मग परळच्या दवाखान्यातल्या लिमये मॅडम.
चित्रांचा एक ठोकळा त्यांनी तिच्या नाकाजवळ आणत नेला,
एका डोळ्यात उजेडाची पट्टी फिरवली, मग दुसऱ्या.
हेमांगीला काही विचारलंच नाही.
उत्तर बुबुळांनीच दिलं.
"हातातलं धूसर आहे हो हिला.
खालच्या अर्ध्यात वेगळी काच लावू,
फरक पडेल, पण सगळंच स्वच्छ होईल असं नाही.
आणि पेन्सिल बंद करा आधी.
पांढऱ्यावर राखाडी, केसाएवढी,
ती तुम्हाला रेघ.
तिला कोरा कागद."

कोरा कागद.

बावीस वर्षं परक्या माणसांना
रस्त्यापलीकडून दिसेल असं लिहीत आलो
आणि घरात, हातभर अंतरावर,
शिसपेन्सिल देऊन ओरडत होतो:
गिरव ना, गिरव की गं!

त्या रात्री डबा उघडला.
पिवळा कागद, काळा रंग, चपटा ब्रश.
पन्नास पानांवर रेघा ओढल्या, करंगळीएवढ्या जाड.
सुनंदा म्हणाली, ही वही आहे की दुकान?
मी म्हटलं, दुकानच. गिऱ्हाईक एकच.

चष्मा घसरतो.
नाकाला दांडाच नाही त्याला धरून ठेवायला.
कानामागून ब्लाउजचं इलॅस्टिक शिवलं,
तरी घसरतो.
दिवसातून चाळीसदा एक बोट पुढे करून वर ढकलायचा,
कधी तिचं, बहुतेक वेळा माझं.
एकदा वरणात सापडला.

चाळीच्या जिन्यालाही पिवळ्या कडा दिल्या,
कारण दर पायरीपाशी ती थांबायची,
विहिरीपाशी थांबावं तशी.
सेक्रेटरी कुबल आले, परवानगी कोणाची?
उरलेला रंग होता, म्हटलं.
आठवड्याने बघतो तर तेच,
सत्तरीचे, मोतीबिंदू न काढलेले,
कठडा सोडून उतरत होते.
माझ्याकडे न बघता.

'अ' अजून आलेला नाही.
आडवी रेघ येते, उभी येते.
काना तर इतका आवडलाय की कशालाही देते,
डब्याला, उशीला, मोरीच्या दाराला.
सुनंदा पुसते. मी म्हणतो, राहू दे एखादा.

परवा मांडीवर बसली होती.
माझा अंगठा दोन्ही हातांत धरला,
नजर खालच्या काचेतून उतरवली
आणि तिथेच थांबली.
माझ्या हाताकडे इतका वेळ
कोणी बघितल्याचं मला आठवत नाही.
नखाच्या कडेला रंग अडकला होता,
काळा, केसाएवढा.

"शी," म्हणाली.
"बाबा, घाण."

रॉकेलची बाटली कपाटावरच होती.
मी उठलो नाही.