सांबरा ते उजळाईवाडी

चौकशीच्या खिडकीतली प्रतिमा हलगेकर
एका दुपारी मोकळी दिसली, तेव्हा विचारलं,
पोरी, इथनं कोल्हापूरच्या विमानतळाला किती लागतं?
तिनं दोन बोटांनी नकाशा ताणला.
सरळ रेघेत पंच्याण्णव किलोमीटर, मावशी.
उडालंच तर वीस-पंचवीस मिनिटं.
उडतं काय?
नाही. बेंगळुरूला जाऊन परत वर यायचं.
मध्ये चार तास बसायचं.
मी हसले. मॉप पिळला.

माझी आक्का उजळाईवाडीत दिलेली.
तिच्या परसातनं धावपट्टीचं कुंपण दिसतं,
माझ्या दारातनं सांबऱ्याचं.
फोनवर तिकडचं विमान आलं की ती म्हणते, थांब,
इकडचं आलं की मी म्हणते, थांब.
आमचं निम्मं बोलणं या थांबण्यात गेलं.

रस्त्यानं हत्तरगी, संकेश्वर,
तवंदीच्या घाटात लिंबू हुंगत बसायचं.
कोगनोळी ओलांडली की पाट्यांची अक्षरं बदलतात,
कंडक्टर तोच असतो.
आणि डिसेंबरात कधी बसच निपाणीशी अडते.
आक्काच्या नातवाचं बारसं तसंच हुकलं.
झबलं अजून माझ्या ट्रंकेत आहे,
पोरगं आता सायकल चालवतं.

जानेवारीतली सकाळ. आक्काचा फोन.
"अगं, कवाधरनं घिरट्या घालाय लागलंय वर.
धुक्यात दिसत काय न्हाई, नुसता आवाज."
उतरंल की, मी म्हटलं.
"दूध ठेवलंय बारीक गॅसवर, बघते."

हॉल पुसून व्हायचा होता.
दुसरी बादली भरली
आणि माइकवर आधी कन्नडमधून, मग हिंदीतून, मग इंग्रजीतून सांगितलं
की कोल्हापूरचं विमान इथं उतरतंय.
मराठीत सांगितलं नाही.
मला तिन्ही वेळा कळलं.

काचेशी गेले. पंखांवर ओल होती.
आक्काच्या कौलांवरची असणार.
एकतीस वर्षांत
तिच्या घरावरनं निघून माझ्यापाशी
कुठं न वळता आलेलं हे पहिलंच.
फोन लावला.
"आलंय की गं इकडं."
"कोण?"
"तुझं विमान."
ती गप्प. मग म्हणाली,
"अजून दुधाला साय न्हाई आली. एवढ्यात?"

माणसं चिडलेली. एकजण प्रतिमावर ओरडला,
जणू धुकं तिनंच सोडलं होतं.
शेवटी बस मागवली, थेट उजळाईवाडीच्या गेटापर्यंत,
कारण त्यांच्या गाड्या तिथं उभ्या होत्या.
थेट, हा शब्द ऐकला आणि मी लॉकरकडे पळाले.
कालच्या बाजारातली रताळी होती, अडीच किलो,
लाल मातीसकट.
ड्रायव्हरला म्हटलं, गेटावर एक बाई असंल,
निळा स्वेटर, माझ्यासारखंच नाक.
त्यानं माझ्या नाकाकडे नीट बघितलं
आणि पिशवी सीटखाली सरकवली.

विमान दुपारी मोकळंच उडालं, हैदराबादला.
झाडू हातात धरून मी बघत राहिले,
उत्तरेला वळतंय काय.
नाही वळलं.

दोन वाजता आक्काचा फोन.
पोचली रताळी. एक वाटेत मोडलंय.
बरं, म्हटलं. आणि दूध?
"उतू गेलं," ती म्हणाली,
"तुझ्याशी बोलत बसले नव्हं."