हरकत क्रमांक नऊ

वाल्पाराइसोच्या नगरपालिकेतून
चौदा हरकती आल्या, चार पानी,
प्रत्येकीच्या शेपटाला ‘खुलासा करावा’.

डॉन एवारिस्तो कार्कामो कागद उलटापालटा करत म्हणाले,
‘बाई, चाळीस वर्षं ट्रॉलीबसच्या मोटारी खोलल्या,
एवढे दोष एका गाडीत कधी निघाले नाहीत.’
मी म्हटलं, दोष नाहीत हे, प्रश्न आहेत.
त्यांना पटलं नाही.
मलाही, खरं तर.

हवी होती एकच खोली, गच्चीवर,
पुंता आरेनासहून परतणाऱ्या बहिणीसाठी,
जिला तिथला वारा आता पुरे झाला होता.

दोन आठवडे उत्तरं लिहीत बसले.
सामासिक अंतर कमी: भिंत वीस सेंटिमीटर आत घेतली,
कपाट गेलं.
शेजाऱ्याकडे उघडणारी खिडकी: बुजवली,
उत्तरेला झरोका काढला, ऊन तरी येईल.
भूकंपाचं गणित: इंजिनिअर फोन उचलत नाही.
छेदात दाखवलेलं झाड अस्तित्वातलं की प्रस्तावित?
अस्तित्वातलं. लिंबू.
(आंबट, हे लिहिलं नाही.)

आणि नऊ:
पत्रक तीनवर जिन्याला अकरा पायऱ्या,
पत्रक पाचवर बारा.

एक रेघ पुसली की भागलं असतं.
पण कोणती?
म्हणून टेकडी चढले, मोजत.
अकरा.

‘बारा,’ डॉन एवारिस्तो वरून ओरडले,
‘लहानपणी मी बारा मोजायचो, बहीण तेरा,
ती उंबरठाही धरायची.’
आणि फावडं घेऊनच खाली आले.

टेकडीनं वर्षानुवर्षं ओघळवलेली माती,
बाटल्यांची बुचं, एक गंजका चमचा,
आणि वीतभर खाली दगड,
मधोमध झिजलेला.
त्यावर ते उभे राहिले,
एका पायरीनं बुटके,
आणि काही बोलले नाहीत.

खिडकीपलीकडे मातुरानाबाईंनी वाचलं:
‘बारा. प्रत्यक्ष खोदून खात्री केली.’
तीन महिन्यांत पहिल्यांदा
त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.
‘खोदून?’
‘हो.’
नऊवर बारीकशी टिकली केली,
तेरा हरकती तशाच टिकल्या करत संपवल्या,
मग पेनचं टोपण पुन्हा काढलं.

हरकत क्रमांक पंधरा:
सापडलेली पायरी
रस्त्याच्या हद्दीत येते काय?
खुलासा करावा.

बहिणीचं विमान शुक्रवारी.
मी टेप घेतली,
आणि परत टेकडीची वाट धरली.